हाताला प्लास्टर घातलंय, घरी नेमकं काय बघायचं?

प्रश्न थोडक्यात असा: आईचं वय ६२. घसरून पडली आणि उजवं मनगट मोडलं. परवा कच्चं प्लास्टर घातलं, आठ-दहा दिवसांनी पक्कं घालणार आहेत. बोटं सुजली आहेत, आवळल्यासारखं होतंय म्हणून रात्री झोप नाही. वरची पट्टी घरीच सैल केली तर चालेल का? आणि आंघोळ, खाज, झोपणं यांचं काय करायचं?

आवळल्याचं आधी बघू, आंघोळ आणि खाज नंतर.

आत्ताच आईंच्या शेजारी जाऊन बसा. पाचही बोटं त्यांना स्वतःहून सरळ करता येतात का आणि मूठ अर्धीमुर्धी तरी मिटता येते का, ते बघा. मग तुम्ही एकेक बोट हलक्या हाताने सरळ करा. थोडं दुखेल, ते ठीक. पण बोट जरासं ताणताच हातभर कळ जाऊन त्या ओरडल्या, तर ते ठीक नाही. नंतर प्रत्येक बोटाच्या टोकाला स्पर्श करून विचारा, दुसऱ्या हाताला कळतं तसंच कळतंय का. शेवटी नख दाबून सोडा. दाबल्यावर पांढरं पडलेलं नख दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवं. नेलपॉलिश असेल तर आधी पुसा, आणि शंका आली की दुसऱ्या हाताच्या नखाशी ताडून बघा. प्रत्येकाची दुखरी बाजू वेगळी वागते, पण दुसरा हात हा घरातला सगळ्यात चांगला मापदंड आहे.

हे सगळं नीट असेल, बोटं फक्त फुगलेली आणि जड असतील, तर ती मोडलेल्या हाडाची नेहमीची सूज आहे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती सगळ्यात जास्त असते. यातली एकही गोष्ट बिघडलेली दिसली, किंवा वेळेवर गोळी घेऊनही दुखणं तासातासाला वाढत असेल, तर सकाळची वाट बघू नका.

गेली पंचवीस वर्षं मी प्लास्टरं घालतोय आणि कापतोय. घरी निघताना बहुतेक जण विचारतात, ‘प्लास्टरची काळजी कशी घ्यायची?’ प्लास्टरला फारसं काही होत नसतं. ते एकदा कडक झालं की तसंच राहतं, बदलत राहतो तो आतला हात. पहिले तीन दिवस हात सुजतो, म्हणून प्लास्टर काचतं. पुढे सूज उतरते, न वापरल्याने स्नायू रोडावतात, आणि तेच प्लास्टर ढिलं होतं. पहिल्या आठवड्यात घट्टपणा बघायचा आणि त्यानंतर सैलपणा. तुम्हाला कच्चं आधी आणि पक्कं नंतर असं सांगितलंय ते याचसाठी.

कच्चं प्लास्टर म्हणजे एका बाजूला प्लास्टरची जाड पट्टी, आम्ही तिला स्लॅब म्हणतो. दुसऱ्या बाजूला नुसता कापूस आणि वर गुंडाळलेलं बँडेज. सूज वाढली तर हाताला फुगायला एक बाजू मोकळी ठेवलेली असते. पक्क्या प्लास्टरला अशी मोकळी बाजू नसते.

आता तुमचा मुख्य प्रश्न, पट्टी सैल करायची का. वर सांगितलेलं सगळं नीट असेल तर आधी हात अर्धा-पाऊण तास व्यवस्थित उंच ठेवा आणि बोटं हलवायला लावा. बहुतेकांचं आवळणं तेवढ्यानेच निम्मं होतं. नाही झालं तर ज्यांनी प्लास्टर घातलं त्यांना फोन करून विचारा आणि वरचं बँडेज सैल करा. हे काम दोघांचं आहे. एकाने हात आणि स्लॅब दोन्ही तळव्यांवर स्थिर धरायचे, जराही हलू द्यायचे नाहीत. दुसऱ्याने बँडेज उलगडायचं आणि बोटांकडून कोपराकडे, न ओढता, नुसतं अंगावर ठेवल्यासारखं पुन्हा गुंडाळायचं. क्रेप बँडेज हातात आलं की माणूस ते ताणतोच, म्हणून हे मुद्दाम सांगतो. स्लॅब काढून बाजूला ठेवायची नाही, हाड जागेवर धरून ठेवणारी तीच एक गोष्ट आहे. आतला कापूस कधी कधी गोळा होऊन दोरीसारखा काचतो. बँडेज सैल करूनही काचणं तसंच राहिलं, तर जाऊन दाखवायचं.

धोक्याची लक्षणं असतील तर क्रम वेगळा. बँडेज लगेच सैल करा आणि निघा. फोन वाटेत करा. हात छातीच्या पातळीला ठेवा, फार उंच धरू नका. रक्त आधीच जेमतेम पोचत असताना हात उंच धरला की ते आणखी कमी पोचतं. काही खायला-प्यायला देऊ नका, भूल द्यावी लागू शकते. आणि हात पक्क्या प्लास्टरमध्ये असेल तर घरी करण्यासारखं काहीही नाही, कात्री-करवत घेऊन बसू नका. रुग्णालयात ते उभं चिरतात, आतला कापूसही थेट त्वचेपर्यंत कापतात. नुसतं वरचं कवच चिरून भागत नाही.

एवढी घाई कशासाठी? हाताचे आणि पायाचे स्नायू न ताणणाऱ्या आवरणांच्या कप्प्यांत बसलेले असतात. आत सूज वाढली की कप्प्यातला दाब चढतो आणि बारीक रक्तवाहिन्या मिटतात. मोठी धमनी मात्र वाहत असते, त्यामुळे नाडी लागते, बोटं गुलाबीही दिसू शकतात. ‘नाडी लागतेय ना, मग ठीक आहे’ या समजुतीवर विसंबू नका. अशा स्थितीत साधारण सहा तासांनंतर स्नायूंचं नुकसान कायमचं होऊ लागतं. रिचर्ड फॉन फोल्कमान या जर्मन शल्यविशारदाने १८८१ मध्ये अशा हातांचं वर्णन केलं: बोटं आखडून तळव्याकडे वळलेली, पुन्हा सरळ न होणारी. कारण घट्ट बांधलेले पट्टे. आजही त्या व्यंगाला त्याचंच नाव आहे. नेहमी दिसणारी गोष्ट नव्हे ही, पण आमच्या कामात रात्री दोनच्या फोनला उत्तर द्यायचं असतं ते हिच्यामुळेच.

लहान मूल ‘आवळतंय’ असं सांगत नाही. ते किरकिरतं, एका जागी बसत नाही, दुखण्याचं औषध वेळेआधीच मागतं. कोपराजवळचं हाड मोडलेल्या मुलाचं असं व्हायला लागलं तर त्याला हट्टी म्हणण्याआधी बोटं बघा.

तुमच्या आईंच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. मनगटातून जाणारी एक मोठी नस अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांना स्पर्श पोचवते. मनगट मोडलं की ती दाबली जाऊ शकते. फक्त या तीन बोटांत मुंग्या किंवा बधिरपणा असेल आणि तो वाढत असेल, तर त्याच दिवशी सांगा, पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका.

‘हात उंच ठेवा’ हे सगळे सांगतात. किती उंच, ते कुणी सांगत नाही. कोपर छातीच्या वर आणि हात कोपराच्या वर. आडवं पडल्यावर शेजारी दोन उशा रचून त्यावर हात ठेवला की हे जमतं. बसल्यावर खुर्चीच्या हातावर उशा रचाव्या लागतात. गळ्यातली झोळी यासाठी नाही; ती चालता-फिरताना हात सांभाळण्यापुरती. त्यातही बहुतेकांची झोळी इतकी खाली असते की मनगट कोपराच्या खाली लोंबतं आणि दिवसभराची सूज बोटांत उतरते. झोळीची गाठ वर घ्या, हात कोपरापेक्षा थोडा वर राहिला पाहिजे. पायाला प्लास्टर असलेल्यांनीही हेच करायचं: आडवं होऊन पाऊल गुडघ्याच्या वर, गुडघा कमरेच्या वर, आणि टाच उशीच्या कडेबाहेर अधांतरी. खुर्चीत बसून पाय समोरच्या स्टुलावर ठेवणं याला उंच म्हणत नाहीत.

बोटं दर तासाला दहा वेळा पूर्ण उघडायची, पूर्ण मिटायची. सूज ओढून काढणारा पंप तोच आहे. ‘हलवलं तर हाड सरकेल’ अशी भीती आईंना वाटत असेल, तर ती काढून टाका. बोटं हलवावीत म्हणूनच ती प्लास्टरबाहेर ठेवलेली असतात. मनगटाचं प्लास्टर तळहाताच्या आडव्या रेघेच्या अलीकडे थांबलं पाहिजे, म्हणजे बोटांची मुळं वाकतात. त्यापुढे आलं असेल तर पक्कं घालताना आठवणीने सांगा. कोपर आणि खांदाही दिवसातून तीन-चार वेळा झोळीबाहेर काढून फिरवायचा. मनगट सहा आठवड्यांत जुळलं आणि खांदा मात्र वर्षभर आखडून बसला, असे रुग्ण मी पुष्कळ पाहिलेत, आणि त्यांना हसण्याऐवजी रडू येत असतं.

त्या हातातल्या बांगड्या, अंगठ्या अजून असतील तर आजच काढा. साबणाने निघत नसेल तर कापून घ्या. सुजलेल्या बोटात अंगठीही काचतेच.

बर्फ चालतो, पण पाणी लागू न देता: प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीला कोरडा टॉवेल गुंडाळून, १५ ते २० मिनिटं. कच्च्या प्लास्टरला मोकळ्या बाजूने ठेवा, जाड स्लॅबमधून गारवा फारसा पोचत नाही.

प्लास्टर म्हणजे भाजून पाणी उडवलेला जिप्सम. पाण्यात भिजवून गुंडाळलं की तो ते पाणी परत घेतो आणि गरम होतो. घालताना आईंना ऊब लागली असेल ती याचीच. दहा मिनिटांत ते कडक होतं, पण आतून पूर्ण वाळायला दोन-तीन दिवस जातात. तोवर ते टेबलाच्या कडेवर, खुर्चीच्या हातावर टेकवू नका. पडलेला खळगा तसाच वाळतो आणि पुढे आतून टोचत राहतो. उचलायचं तर बोटांच्या टोकांनी नको, सपाट तळव्यांनी. वाळवायला गरम हवा मारू नका, पांघरुणात गुंडाळू नका. उघडं राहू द्या. फायबरचं प्लास्टर अर्ध्या-एक तासात पूर्ण तयार होतं, तिथे ही पथ्यं नाहीत.

‘फायबर घातलं तर भिजलं तरी चालतं ना?’ हा प्रश्न हमखास येतो. वरचं फायबर भिजून खराब होत नाही, हे खरं. पण आत कापसाचं अस्तर असतं. ते भिजलं की आठवडाभर ओलं राहतं, खालची त्वचा पांढरी, मऊ होऊन सोलवटते, वास सुटतो. अस्तरही पाणी चालणारं घातलं असेल आणि तसं तुम्हाला सांगितलं असेल, तरच भिजवा. एरवी आंघोळीला प्लास्टरच्या वरच्या कडेला छोटा टॉवेल गुंडाळा, त्यावर पिशवी, त्यावर दुसरी पिशवी, दोन्हींची तोंडं वेगवेगळी चिकटपट्टीने बंद. मग हात पाण्याच्या धारेबाहेर, वर धरायचा. पिशवी शिंतोडे अडवते. बादलीत किंवा टबात बुडवलेला हात ती वाचवत नाही. नुसत्या कडा ओलसर झाल्या तर पंख्याखाली धरा किंवा केस वाळवायच्या यंत्राची थंड हवा द्या. आत पाणी गेलं, किंवा साधं प्लास्टर मऊ पडलं, तर बदलून घ्यायचं. ‘उन्हात वाळेल’ म्हणून चार दिवस थांबलेल्यांची त्वचा बघून वाईट वाटतं.

खाज दुसऱ्या आठवड्यात येते. विणायच्या सुया, पट्टी, पेनाची रिफिल, तार, चमच्याचा दांडा, यातलं सगळं मी प्लास्टर कापताना आतून बाहेर काढलेलं आहे, आणि एकदा खेळण्यातल्या गाडीचं चाकही. खाजवलं की बारीक ओरखडा पडतो, तो बंद, उबदार जागेत चिघळतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. पावडर आत टाकली तर घामाने तिचे खडे बनतात. तेलही नको. प्लास्टरवर बाहेरून टकटक करा, थंड हवा आत सोडा, दुसऱ्या हाताची तीच जागा खाजवा. शेवटचं ऐकून लोक हसतात, पण बऱ्याच जणांना फरक पडतो. तरीही झोप उडत असेल तर खाजेची गोळी विचारून घेता येते. कापूस उपसून काढू नका, टोचणारी कड स्वतः कापू नका. तिच्यावर मऊ चिकटपट्टी लावून भेटीपर्यंत चालवा.

खाज आणि जळजळ यांत फरक आहे, आणि तो महत्त्वाचा. एकाच ठिकाणी, बोट ठेवून दाखवता येईल अशी आग होत असेल, विशेषतः मनगटाच्या हाडाच्या उंचवट्यावर किंवा पायाला टाचेवर, तर तिथे प्लास्टर त्वचेला दाबतंय. यातली फसवी गोष्ट अशी की एक-दोन दिवसांनी ती आग आपोआप थांबते. रुग्ण खूश होतो. प्रत्यक्षात तिथली त्वचा मेलेली असते, म्हणून कळेनासं झालेलं असतं. मग काही दिवसांनी डाग दिसतो, वास येतो. म्हणून आग होत असतानाच या. आईंना मधुमेह असून पायांची-हातांची जाणीव कमी झालेली असेल, तर ही सूचना त्यांच्या शरीराकडून मिळणारच नाही. रोज तुम्हीच प्लास्टरच्या दोन्ही कडांचा वास घ्या, डाग बघा. नवा ओलसर डाग, सडका वास, कारण नसलेला ताप, ही तिन्ही प्लास्टर उघडून बघण्याची कारणं आहेत.

पक्कं प्लास्टर घातलं की पहिले दोन दिवस बोटांची तीच तपासणी पुन्हा. त्यानंतर सैलपणा. प्लास्टर वर-खाली सरकायला लागलं, हात आत फिरतोय असं वाटलं, कडेतून दोन बोटं सहज जायला लागली, तर कळवा. ढिल्या प्लास्टरने काही दुखत नाही, उलट बरं वाटतं, म्हणून कुणी तक्रार करत नाही. आणि तेवढ्यात जुळवलेलं हाड सरकतं. पहिले दोन-तीन आठवडे दर आठवड्याला एक्स-रे सांगतात तो याच सरकण्यासाठी. तेव्हा ते लवकर कळलं तर पुन्हा बसवता येतं, महिन्याने कळलं तर ते वाकडंच जुळायला लागलेलं असतं. सगळं ठीक वाटतंय म्हणून ती तारीख चुकवू नका.

घरात कुणी धूम्रपान करणारं रुग्ण असेल तर हाड जुळायला उशीर लागतो, हे सांगून ठेवतो. एवढंच, भाषण देत नाही.

पायाला प्लास्टर असलेल्यांसाठी थोडं. कुबडीचा वरचा भाग काखेच्या दोन-तीन बोटं खाली राहिला पाहिजे आणि भार तळहातांवर. काखेवर लटकून चालणाऱ्यांच्या हातांच्या नसा दबतात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना कुबड्या आणि दुखरा पाय आधी. पायावर भार द्यायचा की नाही, किती द्यायचा, हे अंदाजाने ठरवू नका, विचारा. पोटरीत नवं दुखणं, मांडीपर्यंत चढणारी सूज, किंवा अचानक धाप आणि छातीत दुखणं, ही रक्ताची गुठळी झाल्याची लक्षणं असू शकतात. धाप लागली असेल तर थेट तातडीच्या विभागात.

मनगटाला प्लास्टर साधारण पाच-सहा आठवडे राहतं. काढतानाच्या करवतीचा आवाज भीतिदायक असतो, पण तिचं पातं गोल फिरत नाही, जागच्या जागी थरथरतं. कडक प्लास्टर त्याने कापलं जातं, मऊ त्वचा त्याच्याबरोबर हलते. पातं तापून चटका मात्र बसू शकतो. आईंना आधीच सांगून ठेवा, गरम लागलं की लगेच ‘थांबा’ म्हणा, लाजू नका.

आतून निघालेला हात बघून बऱ्याच जणांना धक्का बसतो. बारीक झालेला, पिवळट सालपटं निघालेली, केस जास्त वाटणारे, मनगट लाकडासारखं. सालपटं घासून काढू नका, कोमट पाणी आणि साधा साबण, मग तेल किंवा क्रीम, आठवड्यात जातील. कोमट पाण्यात हात बुडवून मनगट हलवायला सुरुवात करा. संध्याकाळी सूज येईल, ती काही आठवडे येत राहते. घट्ट मूठ, भरलेली बादली, पिळणं, हे सांगेपर्यंत नको. एक दुर्मीळ गोष्ट: पडल्यानंतर काही आठवड्यांनी, दुखत नसताना, अंगठा एकाएकी मागे उचलता येईनासा झाला, तर अंगठ्याची दोरी, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट धागा, तुटलेली असू शकते. ही दोरी बहुतेकदा अगदी किरकोळ, न सरकलेल्या फ्रॅक्चरमध्ये तुटते, म्हणून कुणाच्या ध्यानात येत नाही.

आणि पन्नाशीनंतर उभ्या उभ्या पडून मनगट मोडलं असेल तर हाडांची घनता तपासायला हवी. प्लास्टरच्या गडबडीत हे राहून जातं. पुढच्या भेटीला जाल तेव्हा तुम्हीच विषय काढा.